अलीपूरच्या हेस्टिंग्स हाऊसमध्ये भूत कुणाचं असायला हवं?

पाणपोई (धागाकर्ता):

कोलकात्यातलं अलीपूर म्हणजे पहिल्यापासून बड्या लोकांची वस्ती. तिथे ईस्ट इंडिया कंपनीचा गव्हर्नर-जनरल वॉरन हेस्टिंग्स याचा जुना वाडा उभा आहे. आज तिथे मुलींना शिक्षिका होण्याचं शिक्षण देणारी संस्था चालते. या वाड्याची आख्यायिका बंगालमध्ये घराघरांत ठाऊक आहे. रात्री चार घोड्यांची बग्गी फाटकातून आत येते, हेस्टिंग्स उतरतो, लगबगीने आत शिरतो आणि हरवलेलं काळं लाकडी मेज खोल्याखोल्यांतून धुंडाळतो. त्यातल्या खाजगी कागदांत त्याचा जीव अडकला आहे म्हणे.

माझं म्हणणं असं की वारसा-फेऱ्यांमध्ये ही गोष्ट सांगणं थांबवावं. माझा भुताखेतांवर राग नाही. या गोष्टीत कळवळा कुणाबद्दल वाटतो, एवढंच बघा. मार्च १७७५ मध्ये बंगालमधले एक बडे अधिकारी महाराजा नंदकुमार यांनी हेस्टिंग्सवर साडेतीन लाखांहून अधिक रुपयांच्या लाचखोरीचा आरोप केला. दोन महिन्यांत त्यांनाच खोट्या दस्तऐवजाच्या जुन्या प्रकरणात अटक झाली आणि ५ ऑगस्टला फाशी. खटला चालवणारा सरन्यायाधीश एलायजा इम्पी हा हेस्टिंग्सचा शाळासोबती. एवढं सगळं घडूनही आपण दोनशे वर्षं हळहळतोय ती साहेबाच्या मेजासाठी!

आपल्या शनिवारवाड्यात हाक ऐकू येते ती मारल्या गेलेल्या नारायणरावाची. ‘काका मला वाचवा’ म्हटलं की काका कोण, हे पोरंसुद्धा विचारतात. ३० ऑगस्ट १७७३ चा गुन्हा त्या एका हाकेने जिवंत ठेवला आहे. अलीपुरात नेमकं उलटं झालंय.

दफ्तरखाना:

पूर्ण असहमत. ही भूतकथा हवेतून आलेली नाही, तिला कागदाचा आधार आहे. हेस्टिंग्स फेब्रुवारी १७८५ मध्ये हिंदुस्थान सोडून गेला. सप्टेंबर १७८७ मध्ये ‘कलकत्ता गॅझेट’मध्ये त्याच्या वतीने जाहिरात आली: काळ्या लाकडाचं जुनं मेज, आत दोन छोटी चित्रं आणि काही खाजगी कागद. एकतर चोरीला गेलं, नाहीतर सामानाच्या लिलावात चुकून विकलं गेलं. पत्ता लावून देणाऱ्याला दोन हजार सिक्का रुपये.

तारीख नीट बघा. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेत त्याच्यावर महाभियोग मंजूर झाला आणि पुढच्या फेब्रुवारीत खटला उभा राहिला. तो चालला १७९५ पर्यंत. लोकांनी या दोन गोष्टी जोडल्या: कागदांत असं काय होतं की माणूस एवढा अस्वस्थ झाला? या कथेत मला हळहळ दिसतच नाही. रयतेने साहेबावर घेतलेला संशय दिसतो. ज्याला लंडनला संसदेच्या लॉर्ड्स सभागृहाने निर्दोष सोडलं, त्याला कलकत्त्याच्या लोकांनी रोज रात्री पुरावा शोधायला लावलं. ती बंद कशाला करायची?

कऱ्हाकाठ:

दफ्तरखाना, जाहिरात काढलीच आहे तर पूर्ण सांगा. तिच्यात मेज गेलं ते ‘एस्प्लनेडच्या घरातून’ असं आहे, अलीपूरच्या नव्हे. म्हणजे भूत चुकीच्या घरात शोधतंय. ज्या कागदावर तुम्ही कथा उभी करताय, तोच कागद तिला पाडतो.

माझ्या मते कथा अलीपूरला चिकटली ती घरामुळे. गावाबाहेरचा मोठा बाग-बंगला, झाडी, आत येणारा लांब रस्ता. पुढे कर्झनने तिथे संस्थानिकांसाठी सरकारी अतिथिगृह केलं. अशा वास्तूला भूत लागतंच. त्यात रयतेचा संशय वगैरे शोधणं हा आपल्या मनाचा खेळ आहे.

हावडा_मेल:

मी बरीच वर्षं कोलकात्यात आहे. कृपा करून ‘बंगालची माणसं साहेबासाठी रडतात’ असं चित्र रंगवू नका. इथे नंदकुमारांना कुणी विसरलेलं नाही. फाशी झाली तेव्हा जमलेल्यांपैकी अनेकांनी हुगळीत बुडी मारून विटाळ धुतला, असं वर्णन आहे. मला खटकतं ते वेगळंच. ज्या कुली बाजाराजवळ ती फाशी झाली, त्या भागाला आज हेस्टिंग्स म्हणतात. भूतकथेआधी त्या पाटीबद्दल बोला.

आणखी एक. बंगाली अंगाईत मुलांना निजवताना भीती घालतात ती ‘बर्गीं’ची, म्हणजे आपल्या नागपूरकर भोसल्यांच्या स्वारांची. १७४२ मध्ये त्यांच्या धास्तीने कलकत्त्याभोवती मराठा खंदक खणायला घेतला होता. इथे आपणच कुणाचं तरी भूत आहोत. ती अंगाईही बंद करा म्हणायचं का? मी नाही म्हणणार. ती ऐकूनच मला कळलं की आपल्या बखरींतल्या मुलूखगिरीला दुसरी बाजू आहे.

पाणपोई:

हावडा_मेल, पाटीबद्दल शंभर टक्के मान्य. पण अंगाईचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. ती सोसणाऱ्यांनी रचलेली, म्हणून टिकायलाच हवी.

आणि मराठी वाचकाने अलीपूर परकं समजू नये. १७ ऑगस्ट १७८० रोजी याच परिसरात हेस्टिंग्स आणि त्याच्या कौन्सिलातला फिलिप फ्रान्सिस यांचं पिस्तुलांचं द्वंद्व झालं, त्यात फ्रान्सिस जखमी झाला. भांडणाचं एक मुख्य कारण मराठ्यांशी चाललेलं युद्ध. विरोध करणार नाही असा शब्द देऊन फ्रान्सिसने तो मोडला, हा हेस्टिंग्सचा आरोप. ते युद्ध कशातून पेटलं? नारायणरावाच्या खुनानंतर रघुनाथराव इंग्रजांना जाऊन मिळाले, १७७५ चा सुरतेचा तह केला, त्यातून. शनिवारवाड्यातला खून आणि अलीपूरच्या गोळ्या अशा एका धाग्यात आहेत. चार घोड्यांच्या बग्गीत यातलं काही बसत नाही.

निवडुंग:

शनिवारवाड्याचं एवढं कौतुक नको. नारायणराव पेशवा होता, म्हणून त्याची हाक राहिली. त्याला वाचवताना चापाजी टिळेकर तिथेच मारला गेला. नोकर माणूस. त्याची हाक अमावास्येला, पौर्णिमेला कुणाला ऐकू येते? भूतकथा पुण्यातली असो की अलीपुरातली, गादीवरच्यालाच भूत व्हायचा मान मिळतो. म्हणून मला तुमची विभागणी पटत नाही.

पाणपोई:

मग टिळेकराचं नाव घेऊनच वाडा दाखवावा. मी यापेक्षा वेगळं काय मागतोय?

दफ्तरखाना:

फरक आहे. निवडुंग नाव जोडायला सांगताहेत, तुम्ही कथा काढायला. कऱ्हाकाठ यांचा एस्प्लनेडचा मुद्दा बिनतोड आहे, तरी माझं मत तेच राहतं: चुकीच्या घरातलं का होईना, ते मेज होतं म्हणून आपण १७८७ च्या जाहिरातीपर्यंत पोचलो. मला कुणी फेरी काढायला सांगितली तर मी बग्गीपासूनच सुरुवात करेन आणि माणसं ऐकायला थांबली की तिथून थेट कुली बाजारात नेईन.

हावडा_मेल:

न्या, पण ऐकणारे बहुतेक जण बग्गीपाशीच फोटो काढून परततात. इथे हेच बघत आलोय.