कोकणातली रानबदकं: ताटाला कुठलं, बंदुकीला कुठलं, आणि बंदी उठवावी का?

खाजणकाठ

खाण्यात पहिला मान चक्रांग आणि भुवई बदकाचा, यावर आमच्याकडच्या जुन्या शिकाऱ्यांचं एकमत होतं. दोन्ही अंगाने लहान, 300-400 ग्रॅमच्या आसपास. पण खाणं मुख्यतः बियांचं, त्यामुळे थंडीत चांगली भरतात. त्याखालोखाल तलवार बदक. हळदी-कुंकू बदक दीड किलोपर्यंत जातं आणि भातखाचरात चरलेलं असेल तर मांस गोड लागतं, मात्र जून नर तासन्‌तास शिजत ठेवावा लागतो. थापट्या सगळ्यात खाली. तो रुंद चोचीने चिखलपाणी गाळून त्यातले बारीक जीव खातो आणि तो वास कितीही वाटप आणि मसाला घाला, जात नाही. अडई या शिट्टी घालणाऱ्या बदकालाही उग्र वास असतो असं म्हणायचे.

नेमबाजीत क्रम थोडा बदलतो. चक्रांग पाण्यावरून जवळजवळ सरळ उभा उठतो आणि थवा एकदम वळतो, तिथे हाताची परीक्षा होते. तलवार बदक उंचावरून आणि वेगात जातं, शिवाय भारी सावध. अडई मारण्यात कसब नाही. एक पडलं की बाकीची शिट्ट्या घालत तिथेच घिरट्या घालतात. त्यांच्यावर बार टाकणं मला शिकार वाटत नाही.

आता मुद्दा. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात अशा पक्ष्यांच्या शिकारीसाठी परवाना मिळायचा, 1991च्या दुरुस्तीने तो बंद झाला. माझं मत असं की बाहेरून येणाऱ्या चक्रांग, भुवई आणि तलवार या तीनच जातींसाठी दोन महिन्यांचा हंगाम द्यावा, माणशी मर्यादा ठेवावी आणि परवान्याचा पैसा त्याच तालुक्यातल्या पाणथळींवर खर्च करावा. आज खाजणात, म्हणजे खाडीकाठच्या खारट पाणथळीत, भराव पडतो तेव्हा आवाज कोण उठवतं? ज्याला दर थंडीत तिथे बदक हवं असतं, तो उठवेल.

पाणथळ

तीनच जाती म्हणता, पण त्या ओळखणार कोण? भुवई बदकाचा नर आपल्याकडे येतो तेव्हा मादीसारख्याच पिसाऱ्यात असतो. पांढरी भुवई कितीतरी उशिरा दिसू लागते. भुवईची मादी आणि चक्रांगाची मादी दुर्बिणीतूनही पटकन वेगळ्या करता येत नाहीत. पहाटेच्या अंधुक उजेडात, डोक्यावरून जाणाऱ्या थव्यात, थापट्या कुठला आणि तलवारीची मादी कुठली हे चाप ओढण्याआधी कुणी सांगणार नाही. त्याच थव्यात काणूक, ते अगदी लहानसं बदक, असला तर? सिंधुदुर्गातल्या तळ्यांवर तो अजून दिसतो, ही आपल्या भाग्याची गोष्ट आहे.

आणि शिकारी तळं राखतो म्हणता, तर राजस्थानातलं भरतपूरचं तळं आठवा. 12 नोव्हेंबर 1938 रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या पारधीत एका दिवसात 4,273 पक्षी पडले. ते तळंही शिकारीसाठीच राखलेलं होतं.

राजापूर_ते_न्यूजर्सी

मी इथे परवाना काढून बदकं मारतो, म्हणून दोन्ही बाजू सांगतो. खाजणकाठ यांचा पैशाचा मुद्दा खरा आहे. अमेरिकेत 1934 पासून बदकाच्या शिकाऱ्याला सरकारी तिकीट घ्यावं लागतं. आज ते 25 डॉलरला आहे आणि त्यातला जवळजवळ सगळा पैसा पाणथळ जागा विकत घ्यायला आणि राखायला जातो.

पण नुसत्या तिकिटावर हे चालत नाही. दरवर्षी विमानातून बदकांची मोजणी होते, तिच्यावरून मर्यादा ठरते, आणि रक्षक केव्हाही येऊन पिशवी उघडायला सांगतो. शिशाच्या छऱ्यांवर 1991 पासून बंदी आहे, कारण बदकं खडे समजून छरे गिळतात आणि विषबाधेने मरतात. आपल्याकडे यातलं काय आहे? कुठल्या तळ्यावर किती चक्रांग उतरतात याचा सरकारी आकडा आधी हवा, हंगामाचं नंतर बोलू.

चवीबद्दल मात्र पूर्ण सहमत. चक्रांगासारखं दुसरं बदक नाही.

भातवाला_कुडाळ

अडई उग्र लागता ह्या कोणी सांगल्यान? माझो आजो सांगायचो, भात खाल्लेली अडई कोंबड्यापेक्षा बरी. ता जाऊ दे. माका बंदूक नको वाटता ती वेगळ्या कारणान. शेतीच्या राखणीक दिलेले परवाने आसत, तेंतूरच चोरटी शिकार चलता, त्यात ठासणीचे बंदुके. उद्या बदकांचो हंगाम दिलात तर रातीक बार कसलो झालो, डुकरासाठी काय सांबरासाठी, ता कोण बघतलो? आज बार ऐकलो की निदान आमी फोन तरी करतो.

खाजणकाठ

कुडाळकर, हा मुद्दा मी धरला नव्हता आणि तो वजनदार आहे. तरी चोरटी शिकार आज बंदी असतानाही चालते ना? परवानाधारक माणूस पाणवठ्यावर हजर असेल तर चोर तिथे यायला कचरेल. आणि भरतपूर हे राजेरजवाड्यांचं प्रकरण. मी माणशी चार पक्ष्यांचं बोलतोय.

खाडीपलीकडची

दादा, चार पक्षी घरी न्यायला किती पाडावे लागतील? आमच्या खाडीत पडलेलं बदक सापडणं म्हणजे काय, हे बंदूकवाल्यांना ठाऊक असतं. ओहोटीला मांडीभर चिखल, भरतीला पाणी ओढून नेतं, आणि पंखात छरा बसलेलं बदक कांदळवनाच्या मुळांत शिरतं. तिथे ना माणूस जातो, ना आपल्याकडे पाण्यातून पाखरू आणणारे शिकवलेले कुत्रे आहेत. ते जखमी पाखरू दोन-चार दिवस कुढत मरतं आणि तुमच्या चारात ते मोजलंच जात नाही. गोड्या तळ्याची शिकार आणि खाडीची शिकार एका नियमात बसवू नका.

खायचंच असेल तर गावठी बदक पाळा. सुकं खोबरं भाजून वाटप करा, कांदा सढळ घाला, मंद आचेवर दीड तास ठेवा आणि वड्यांबरोबर वाढा. रानबदक साफ करताना बर्ड फ्लूची जी धास्ती असते तीही थोडी कमी. जानेवारी 2021 मध्ये दापोलीत मेलेल्या कावळ्यांत तो सापडला होता, विसरलात का?

खाजणकाठ

ताई, पाळलेल्या बदकाला ती चव नाही, हे मी सोडणार नाही. पण कांदळवनाचं बरोबर आहे. खाडी माझ्या मागणीतून काढतो. फक्त गोड्या पाण्याची तळी, तीही मोजणी झाल्यावर. याला तरी हो म्हणाल?

पाणथळ

नाही. गोड्या तळ्यांवरच अडई आणि हळदी-कुंकू पावसाळ्यात घरटी करतात, आणि थंडीत पाहुणी बदकं त्यांच्याच शेजारी बसतात. पहिल्या बाराला सगळंच तळं उठतं, तुमच्या तीन जाती तेवढ्या उठत नाहीत. कोकणातली तळी लहान आहेत. उठलेल्या थव्याला जवळपास दुसरं तळं असेलच असं नाही. आमच्या पाणपक्ष्यांच्या मोजणीला मात्र जरूर या, जानेवारीत माणसं कमी पडतात.

खाजणकाठ

येतो. धामापूर तलावापासून सुरुवात करू. परवान्याची मागणी मी मागे घेतलेली नाही.