मदत हवी आहे: काल्पनिक विश्वातलं धर्मयोद्ध्यांचं राज्य लयाला जाताना पटेल असं कसं दाखवू?

नमस्कार मंडळी,

एका कल्पनारम्य कादंबरीवर काम चालू आहे. जग पूर्णपणे काल्पनिक, पण त्यातलं एक राज्य क्रूसेडर राज्यांच्या (युरोपातून आलेल्या ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांनी जेरुसलेमच्या परिसरात उभारलेल्या राज्यांच्या) धर्तीवर उभं केलंय आणि घोडं तिथंच अडलंय. इतिहासाचे जाणकार इथे बरेच आहेत, म्हणून सविस्तर विचारते.

समुद्रापलीकडून आलेल्या 'शपथकरी' पंथाने पावणेदोनशे वर्षांपूर्वी ओरवानचा पवित्र झरा जिंकला. त्या पाण्याने जखमा भरून येतात, त्यामुळे भाविकांची रीघ लागते. राज्य म्हणजे किनाऱ्याची चिंचोळी पट्टी, तिवरा नावाचं बंदर आणि डोंगररांगेवरचे किल्ले. झरा मुळात पठारावरच्या हालदे लोकांचा, आणि कथा सुरू होते तेव्हा तो त्यांनी परत घेऊन साठ वर्षं झालेली आहेत. राज्य तरीही उभं आहे. राजा अजून 'ओरवानचा राजा' म्हणवतो आणि राहतो मात्र समुद्रापलीकडे.

ही कल्पना हवेतून आलेली नाही. जेरुसलेम ११८७ मध्ये सुलतान सलाउद्दीनने घेतलं, पण क्रूसेडरांचं 'जेरुसलेमचं राज्य' भूमध्य समुद्रावरच्या अक्र बंदरातून पुढे शंभरेक वर्षं चाललं. मधे १२२९ मध्ये तहात शहर परत मिळालं आणि १२४४ मध्ये कायमचं गेलं. १२२५ मध्ये लग्नाच्या नात्याने पवित्र रोमन सम्राट दुसरा फ्रेडरिक राजा झाला, तेव्हापासून कित्येक दशकं मुकुट परदेशी आणि कारभार प्रतिनिधींच्या हातात. व्हेनिस, जेनोआ आणि पिसाचे व्यापारी अक्रमध्ये आपापल्या वस्त्या धरून बसलेले. १२५६ मध्ये व्हेनिस आणि जेनोआ यांची त्याच शहरात एका मठाच्या मालमत्तेवरून जुंपली आणि ते युद्ध वर्षानुवर्षं चिघळलं. बाहेर शत्रू, आत ही तऱ्हा. तरी राज्य १२९१ पर्यंत तगलं.

मला नेमकं हे तगणंच लिहायचंय. एक मोठी लढाई, एक नालायक राजा आणि खेळ खलास, हे सोपं आहे, पण त्यात माझ्या नायिकेला काही कामच उरत नाही. ती सीमेवरच्या एका किल्ल्याची कारखानीस आहे. धान्य, तेल, बाण, घोड्यांचा चारा, सगळा हिशेब तिच्याकडे. पहिल्याच प्रकरणात ती दोन वह्या शेजारी ठेवते. हजेरीच्या वहीत साठ नावं आहेत आणि भटारखान्याच्या वहीत रोजच्या भाकऱ्या बावीस जणांच्या. उरलेले अडतीस मेलेत किंवा पळालेत, पण समुद्रापलीकडची देणगी डोईमागे येते, म्हणून किल्लेदार एकही नाव खोडू देत नाही. ती वही बंद करते आणि पेढीवाल्याच्या माणसाला साठांचीच यादी देते. हा प्रसंग मला जमलाय असं वाटतं. पुढचं जमत नाही.

पहिली अडचण: हालदे लोक हे राज्य संपवत का नाहीत? सध्या माझ्याकडे तीन कारणं आहेत. त्यांच्यात आपापसात फूट आहे, तिवऱ्याच्या व्यापारात त्यांचाही फायदा आहे, आणि किल्ले घेणं महागात पडतं. दर काही वर्षांनी मुदतीचे तह होतात. पण साठ वर्षं म्हणजे दोन पिढ्या. एवढ्याने वाचकाला पटेल का?

दुसरी अडचण जादूची. झरा हालद्यांकडे आहे आणि ते पैसे घेऊन यात्रेकरूंना येऊ देतात. ११९२ च्या तहातही सलाउद्दीनने ख्रिस्ती यात्रेकरूंना जेरुसलेमची वाट मोकळी ठेवली होती. मग प्रश्न असा, की पाणी सगळ्यांना मिळतंय तर शपथकऱ्यांनी लढायचं कशासाठी? झरा आटवला तर प्रश्न मिटतो, पण मग राज्य जादूमुळे बुडालं असं होईल. ते मला अजिबात नको.

तिसरी गोष्ट माझ्या सगळ्यात जवळची. तिथेच जन्मलेले शपथकरी आणि जहाजातून नुकतेच उतरलेले, यांच्यातली दरी. सीरियातल्या शैझरच्या उसामा इब्न मुनकिध या मुसलमान सरदाराने जेरुसलेमचा एक अनुभव लिहून ठेवलाय. तो नमाज पढत असताना एका नवख्या फ्रँकने (म्हणजे पश्चिम युरोपातून आलेल्या ख्रिस्त्याने) त्याला धरून पूर्वेकडे वळवलं, प्रार्थना अशी करायची म्हणून. टेंपलर या लढवय्या धर्मसंघाच्या लोकांनी त्या माणसाला बाजूला नेलं आणि हा नुकताच आलाय, असं म्हणून उसामाची माफी मागितली. दुसऱ्या टोकाला १२९० साल. उत्तर इटलीतून नव्याने आलेल्या जथ्याने अक्रमध्ये मुसलमान व्यापाऱ्यांची कत्तल केली, इजिप्तचा मामलुक सुलतान कलाऊन याला तह मोडायला कारण मिळालं, आणि पुढच्या मे महिन्यात त्याचा मुलगा खलील याने अक्र घेतलं. मदतीला आलेल्यांनीच घर बुडवलं. असा जथा माझ्या तिवऱ्यातही उतरणार आहे, पण तो शेवटी यावा की मधे, हे ठरत नाहीये.

जाणकारांनी मदत करावी, ही विनंती.

प्रतिसाद १

विषय आवडला. तुमचा सगळा भर अक्रवर आहे. जरा प्रशियाकडे बघा, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिथे आहे.

ट्यूटॉनिक संघाचं (जर्मन धर्मयोद्ध्यांच्या संघाचं) राज्य तिथे बाल्टिक किनाऱ्यावर उभं राहिलं ते मूर्तिपूजकांशी लढण्याच्या नावाखाली. युरोपभरचे सरदार हंगामी मोहिमांना तिकडे जायचे. मग १३८६ मध्ये लिथुआनियाचा ग्रँड ड्यूक योगायला बाप्तिस्मा घेऊन पोलंडच्या गादीवर बसला आणि पुढच्या वर्षी लिथुआनियाचं धर्मांतर सुरू झालं. लढायचं कारणच संपलं. संघाने काय केलं? हे धर्मांतर खरं नाही, असं म्हणत मोहिमा चालूच ठेवल्या. तुमचे शपथकरीही हेच म्हणतील: हालद्यांच्या परवानगीने घेतलेलं पाणी अपवित्र, ते जखम भरतं पण आत्मा नासवतं. झरा आटवायची गरजच नाही. आणि नायिकेच्या किल्ल्यावर कुणी जखमी माणूस ते पाणी नाकारून मेला, तर तुमचं एक प्रकरण तिथेच तयार आहे.

आणखी एक. १४१० च्या ग्रुनवाल्डच्या लढाईत संघाचा महाप्रमुख पडला, तरी राज्य गेलं नाही, कारण संघाच्या राजधानीचा, मारिएनबुर्गचा किल्ला टिकला. राज्य पोखरलं ते नंतरच्या खंडणीने, करांनी आणि कर्जाने. १४४० मध्ये त्यांच्याच शहरांनी आणि जमीनदारांनी एकजूट केली, १४५४ मध्ये ते उठले आणि पोलंडच्या राजाला जाऊन मिळाले. १४५७ मध्ये तर पगार थकलेल्या भाडोत्री सैनिकांनी मारिएनबुर्गच पोलंडच्या राजाला विकून टाकला! तुमच्या साठ आणि बावीसच्या हिशेबाचा शेवट असाही होऊ शकतो. ज्याच्या जोरावर राज्य उभं, तोच किल्ला थकबाकीपोटी जातो.

तहांबद्दल म्हणाल, तर साठ वर्षं पटतील. फक्त हालद्यांच्या बाजूने एक तरी माणूस असा दाखवा, ज्याला हे राज्य असलेलं सोयीचं आहे. आणि दुसऱ्या दिशेने त्यांना मोठा शत्रू द्या. १२६० मध्ये मंगोल चालून आले तेव्हा अक्रच्या लोकांनी इजिप्तच्या मामलुक फौजेला आपल्या मुलखातून जाऊ दिलं. ऐन जालूतच्या लढाईत मामलुक जिंकले आणि मंगोलांची धास्ती कमी झाल्यावर त्याच मामलुकांनी किनाऱ्यावरची एकेक जागा उचलायला सुरुवात केली. १२६८ ला अँटिऑक, १२८९ ला त्रिपोली. तुमच्या राज्याचं आयुष्य त्याच्या स्वतःच्या ताकदीपेक्षा शेजाऱ्याच्या अडचणींवर जास्त अवलंबून आहे, हे राजधानीत कुणालाच कळू नये आणि कारखानिसाला मात्र धान्याच्या भावावरून कळावं.

प्रतिसाद २

शेतकरी कुठे आहेत? जेरुसलेमच्या राज्यात बहुसंख्य प्रजा स्थानिक होती, पूर्वेकडचे ख्रिस्ती आणि मुसलमान. फ्रँक मूठभर. किल्ल्याचं धान्य पिकवतो कोण, हे लिहिल्याशिवाय कारखानिसाची वही खरी वाटणार नाही.

नवा जथा मधे आणा. शेवटी आणलात तर सगळा दोष त्यांच्या माथी जाईल आणि जुने सुटतील.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. 'अपवित्र पाणी' मी नक्की घेणार. त्यामुळे तिथेच जन्मलेल्यांची आणि नव्यांची दरीही आपोआप रुंदावते: जुने गुपचूप कुप्या आणून ठेवणार, नवे त्या सापडल्या की फोडणार. जथाही मधेच येईल. कुप्या फोडण्यापासून सुरुवात होऊन मामला व्यापाऱ्यांच्या कत्तलीपर्यंत जाईल, आणि त्यानंतरही राज्य आठ-दहा वर्षं रखडेल, कारण हालदे दुसऱ्या सीमेवर गुंतलेले असतील.

शेतकऱ्यांचा मुद्दा एकदम बरोबर. किल्ल्याखालच्या गावाचा एक पाटील आणते. तो निम्मा सारा किल्ल्याला आणि निम्मा हालद्यांना देतो, हे दोन्ही बाजूंना ठाऊक आहे आणि कुणीच बोलत नाही. सीमेवरच्या काही मुलखात फ्रँक आणि मुसलमान सत्ता उत्पन्न खरोखरच वाटून घ्यायच्या, त्यामुळे हे ओढूनताणून आणल्यासारखं वाटू नये.

आता एवढंच विचारते. किल्ला विकला जातो तेव्हा भाडोत्र्यांचा नायक कारखानिसाकडे थकबाकीचा दाखला मागेल, म्हणजे त्याला विकण्याचा हक्क सांगता येईल. दाखला खरा लिहायचा तर साठांचं बिंग फुटतं आणि ती बावीसांसकट अडकते. खोटा लिहायचा तर रक्कम फुगते आणि किल्ल्याची किंमत वाढते. तिने कुठला लिहावा?