देशाची ओळख कशावर ठरते, रक्तावर, भाषेवर की अजून कशावर?

पाऊलवाट:
जर्मनीने १९६१ला तुर्कस्तानशी करार करून कामगार आणले, त्यांची पोरं तिथेच जन्मली, तिथल्याच शाळेत शिकली, तरी कायद्याने परदेशीच, कारण १९१३चा कायदा रक्ताचं नातं बघायचा. २०००पासून तो बदलला आणि आईवडलांपैकी एकजण पुरेशी वर्षं तिथे राहत असेल तर मूल जन्मतःच जर्मन. देश काही बुडाला नाही ना? जो तिथलाच म्हणून जगतो, तो तिथलाच, माझं मत सरळ आहे.

काजवा:
कागद मिळाला म्हणजे आपलेपणा येत नाही हो. माणसं बांधून ठेवायला काहीतरी सामाईक लागतंच. इंडोनेशियात शेकडो भाषा, पण १९२८ला तिथल्या तरुणांनी एक मायभूमी, एक राष्ट्र आणि ऐक्याची एक भाषा अशी शपथ घेतली, स्वातंत्र्याच्या कितीतरी आधी! म्हणून तो देश टिकला.

उंबरठा:
पण कुठली भाषा घेतली तेही सांगा ना. सगळ्यात जास्त लोक जावानीज बोलणारे, तरी ती नाही, बंदरात व्यापाराला चालणारी मलाय घेतली. मोठा भाऊ मागे सरला म्हणून जमलं ते. पाकिस्तानात अर्ध्याहून जास्त लोक बंगाली बोलणारे आणि राष्ट्रभाषा म्हणे फक्त उर्दू! २१ फेब्रुवारी १९५२ला ढाक्यात आंदोलन करणाऱ्या विद्यार्थ्यांवर गोळ्या झाडल्या, १९७१ला देशच फुटला, बहुसंख्यांचा धर्म एक असूनही.

काजवा:
लादणं चूकच, मान्य. पण १९७१ फक्त भाषेमुळे नाही झालं, १९७०ची निवडणूक जिंकलेल्या पक्षाला सत्ताच दिली नाही हे कसं विसरता? आणि एकमेकांचं बोलणंच कळत नसेल तर लोक एकत्र निर्णय कसे घेणार, याचं उत्तर द्या आधी.

पाऊलवाट:
दक्षिण आफ्रिकेचं राष्ट्रगीत ऐका एकदा नीट. सुरुवात खोसात, मग झुलू, मग सेसोथो, आणि मधेच चाल बदलून आफ्रिकान्स, म्हणजे वर्णभेदाच्या काळातल्या राष्ट्रगीतातल्या ओळी, शेवट इंग्रजीत. ज्यांनी इतकं सोसलं त्यांनी त्या ओळी फेकून नाही दिल्या, आणि गाणारा कुठल्याही घरचा असो, दुसऱ्याच्या भाषेतल्या ओळी गाव्याच लागतात. मला तरी हे ऐकून दरवेळी भरून येतं.

काजवा:
मलाही येतं, खोटं नाही सांगत. पण त्याच देशात मे २००८ला शेजारच्या देशांतून पोटासाठी आलेल्यांवर हल्ले झाले, साठहून जास्त माणसं गेली. आपसात एक झाले, आणि बाहेरून आलेला तो परकाच राहिला. त्याचं काय करायचं ते सांगा.