दहशतवादाचा धोका शून्यावर आणण्याचा हट्ट सोडावा का?

सारासार (चर्चाप्रस्ताव)

मोठा दहशतवादी हल्ला झाला की 'असे पुन्हा कधीही घडू देणार नाही' अशी ग्वाही सरकारे देतात, आणि नागरिक म्हणून आपणही नेमकी तीच मागत असतो. ही ग्वाही कोणत्याही सरकारला पाळता येणार नाही. ती पाळली जात आहे असे भासवण्यासाठी जे जे केले जाते, त्यात पैसा, वेळ आणि हक्क यांची मोठी नासाडी होते आणि त्या मानाने पदरात पडणारी सुरक्षितता फारच थोडी असते. काही धोका कायम राहणार हे सरकारने उघडपणे सांगावे आणि समाजाने ते ऐकून घेण्याची तयारी ठेवावी, असे माझे मत आहे.

विमानतळावरील तपासणीचा इतिहास पाहा. डिसेंबर २००१ मध्ये एका प्रवाशाने बुटात लपवलेली स्फोटके पेटवण्याचा प्रयत्न केला, त्यानंतर प्रवाशांना बूट काढायला लावले जाऊ लागले. ऑगस्ट २००६ मध्ये ब्रिटनहून अटलांटिकपार जाणारी विमाने द्रव स्फोटकांनी पाडण्याचा कट उघडकीस आला आणि १०० मिलिलिटरहून मोठ्या बाटलीवर बंदी आली. २००९ च्या नाताळात एकाने अंतर्वस्त्रात स्फोटके दडवून नेली, तेव्हा संपूर्ण शरीराच्या स्कॅनरचा प्रसार झाला. प्रत्येक वेळी आधीच्याच हल्ल्याची वाट बुजवली गेली. यांपैकी २००६ चा कट पोलीस आणि गुप्तचरांनी ठेवलेल्या पाळतीमुळे हाती लागला, आणि उरलेल्या दोन्ही प्रसंगी हल्लेखोराला आवरले ते विमानातल्याच माणसांनी. तपासणीच्या रांगेने तिन्हींपैकी काहीही पकडले नाही. शिवाय ती रांग स्वतःच एक लक्ष्य बनते: २२ मार्च २०१६ रोजी ब्रुसेल्सच्या विमानतळावर स्फोट झाले ते तपासणीच्या अलीकडे, जिथे माणसे सामान घेऊन दाटीवाटीने उभी होती.

भीतीची किंमतही हिशेबात धरायला हवी. ११ सप्टेंबर २००१ नंतर विमानप्रवास टाळून अनेक अमेरिकन लोक मोटारीने जाऊ लागले. त्यामुळे पुढच्या वर्षभरात रस्त्यांवर सुमारे दीड हजार जादा मृत्यू झाले असावेत, असा अंदाज मानसशास्त्रज्ञ गेर्ड गिगरेंझर यांनी मांडला आहे. या मृतांची नावे कोणत्याही स्मारकावर नाहीत.

वाटसरू

प्रस्तावातील शेवटच्या परिच्छेदाशी माझे मुळातूनच मतभेद आहेत. अपघात आपल्याकडे पाहून शिकत नाही, हल्लेखोर शिकतो. रस्त्यावरील मृत्यूंचा आकडा एका वर्षात अचानक दसपट होत नाही, पण दहशतवादाच्या बाबतीत वर्षानुवर्षे शांतता असते आणि मग एका सकाळी जवळजवळ तीन हजार माणसे मारली जातात. १९९५ मध्ये टोकियोच्या भुयारी रेल्वेत ओम शिनरिक्यो या पंथाने सरीन हा विषारी वायू सोडला, तेव्हा हजारो लोकांना उपचार घ्यावे लागले. तो वायू अशुद्ध होता आणि तो पसरवण्याची पद्धत ओबडधोबड होती, म्हणून मृतांची संख्या मर्यादित राहिली. गेल्या काही वर्षांची सरासरी काढून 'एवढा धोका सोसण्याजोगा आहे' असे म्हणणारा माणूस त्या अशुद्धतेवर विसंबून असतो.

धोका स्वीकारणे म्हणजे प्रत्यक्षात काय, हे पाहायचे असेल तर नॉर्वेचे उदाहरण घ्या. ओस्लोमध्ये पंतप्रधानांच्या कार्यालयाच्या इमारतीला लागून ग्रुबेगाता नावाचा रस्ता जातो. तो वाहनांसाठी बंद करण्याचा निर्णय कित्येक वर्षे आधी झालेला होता, परंतु अंमलबजावणी रेंगाळत राहिली. २२ जुलै २०११ रोजी हल्लेखोराने स्फोटकांनी भरलेली व्हॅन थेट त्या इमारतीच्या प्रवेशद्वाराशी आणून उभी केली आणि तो निघून गेला. तेथे आठ जण ठार झाले आणि त्यानंतर उटोया बेटावर ६९. आधी ठरलेले उपाय अमलात आणले असते तर सरकारी इमारतींवरील हा हल्ला टाळता आला असता, असे चौकशी आयोगाने २०१२ मध्ये स्पष्टपणे नोंदवले. धोका थोडाच आहे, रस्ता बंद केला तर गैरसोय होईल, आपला समाज मोकळा आहे, अशीच कारणे अशा दिरंगाईमागे असतात, आणि प्रस्तावकर्ते त्याच वृत्तीला आता तत्त्वाचा दर्जा देऊ पाहत आहेत.

उपायांनी काहीच साधत नाही, हेही खरे नाही. कॉकपिटचे दार मजबूत केल्यापासून २००१ सारखा हल्ला पुन्हा कोणाला करता आलेला नाही.

कवडसा

दाराचा उल्लेख आलाच आहे, म्हणून त्याची दुसरी बाजूही मांडतो. त्या दाराची रचना अशी असते की बाहेरून आकड्यांचा संकेत दाबून आणीबाणीत आत जाता येते, मात्र आत बसलेल्या माणसाने खटका 'बंद' स्थितीत नेला तर तो संकेत काही मिनिटे निकामी होतो. अपहरणकर्त्याने संकेत हस्तगत केला तरी त्याला आत येता येऊ नये, हा त्यामागचा विचार होता. २४ मार्च २०१५ रोजी जर्मनविंग्जच्या विमानात सहवैमानिकाने कप्तानाला याच यंत्रणेच्या आधारे बाहेर अडकवले आणि विमान आल्प्स पर्वतात नेऊन आदळले. १५० जणांचा मृत्यू झाला. दार असावे, याबद्दल मला शंका नाही. पण एका धोक्यासाठी लावलेले कुलूप दुसऱ्या धोक्याला जागा करून देते, हे जो उपाय सुचवतो त्यानेच आधी सांगायला हवे.

निशिगंध

दोन्ही बाजूंकडून एक प्रश्न सुटतो आहे: धोका कोण स्वीकारतो आणि सुरक्षेची किंमत कोण चुकवतो? जुलै २००५ मध्ये लंडनच्या भुयारी रेल्वेत आणि बसमध्ये झालेल्या हल्ल्यांत ५२ जण बळी पडले. त्याच महिन्यात, २२ तारखेला, स्टॉकवेल स्थानकात पोलिसांनी जाँ शार्ल द मेनेझिस या ब्राझिलियन तरुणाला हल्लेखोर समजून गोळ्या घातल्या. त्याचा कोणत्याही कटाशी काडीचाही संबंध नव्हता. एकही संशयित निसटता कामा नये, असा दबाव यंत्रणेवर असतो, तेव्हा चुकीचा भार एखाद्या परक्या चेहऱ्याच्या माणसावर येऊन पडतो, आणि ज्यांनी तो दबाव निर्माण केला त्यांना त्याची झळही लागत नाही.

सरसकट पाळतीबद्दलही हेच म्हणता येईल. अमेरिकेत कोट्यवधी नागरिकांच्या फोनच्या नोंदी गोळा केल्या जात होत्या. त्या कार्यक्रमाची छाननी करणाऱ्या अधिकृत मंडळाला जानेवारी २०१४ पर्यंत असे एकही प्रकरण आढळले नाही, ज्यात या नोंदींमुळे दहशतवादाच्या तपासाला निर्णायक वळण मिळाले. उलट २००९ च्या नाताळातील हल्लेखोराच्या वडिलांनी स्वतः अमेरिकी वकिलातीत जाऊन मुलाविषयी सावध केले होते. नाव नोंदले गेले, पण ते विमानप्रवासास मनाई असलेल्यांच्या यादीपर्यंत पोहोचलेच नाही. हाती आलेली गोष्ट ओळखता येत नसताना गवताची गंजी आणखी वाढवत राहण्यात मला शहाणपण दिसत नाही.

सारासार

वाटसरू, ओस्लोचे उदाहरण गंभीर आहे आणि त्याला उत्तर द्यायलाच हवे. तो रस्ता बंद करणे हा स्वस्त उपाय होता; त्याने कोणाच्या हक्कांवर गदा येत नव्हती, आणि तो विचारपूर्वक ठरलेलाही होता. धोक्याची मोजदाद करून निवडलेला उपाय कसा असावा, याचाच तो नमुना आहे. माझा आक्षेप मोजदाद न करता लादल्या जाणाऱ्या उपायांना आहे. जुलै २०१६ मध्ये नीस येथे मालमोटार गर्दीत घुसवून ८६ जणांना मारण्यात आले; समुद्रकाठचा प्रत्येक रस्ता, प्रत्येक बाजार आणि प्रत्येक मिरवणूक अभेद्य करायची असे ठरवले, तर ती यादी कुठे संपेल? गुप्तवार्ता, रुग्णवाहिका, रक्तपेढी आणि प्रशिक्षित पोलीस ही व्यवस्था लक्ष्य कोणतेही असले तरी उपयोगी पडते, म्हणून पहिला पैसा तिकडे जायला हवा.

वाटसरू

प्राधान्यक्रमाबद्दल आपले फारसे दुमत नाही. पण 'एवढा धोका आम्ही स्वीकारतो' असे जाहीर वाक्य सरकारच्या तोंडी घालायला माझा विरोध कायम आहे. ऑक्टोबर १९८४ मध्ये ब्रायटनच्या हॉटेलात स्फोट घडवल्यावर आयआरए या सशस्त्र आयरिश संघटनेने ब्रिटिश सरकारला बजावले होते की आम्हाला एकदाच नशिबाची साथ हवी आहे, तुम्हाला मात्र ती नेहमीच लागेल. असा प्रतिस्पर्धी समोर असताना ध्येय गाठता येत नाही म्हणून ते खाली आणले, तर दिरंगाई करणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याच्या हाती आयती सबब पडेल, आणि पुढच्या चौकशी आयोगासमोर 'हा स्वीकृत धोका होता' एवढेच उत्तर दिले जाईल.

निशिगंध

त्याच ब्रायटनमध्ये स्फोटानंतर काही तासांतच, त्याच सकाळी साडेनऊला, सत्ताधारी पक्षाचे अधिवेशन ठरल्या वेळी सुरू झाले, हेही नोंदवून ठेवावे. सबबीची भीती मला पटते. मात्र उलट दिशेची सबब आज प्रत्यक्षात वापरली जात आहे. २००१ च्या 'पेट्रियट ॲक्ट' या अमेरिकी दहशतवादविरोधी कायद्यातील पाळतीच्या अनेक तरतुदींना २००५ अखेरची मुदत होती. ती वारंवार वाढवली गेली, आणि फोनच्या नोंदींचा आधार असलेले कलम मार्च २०२० मध्ये कुठे संपुष्टात आले. मुदत वाढवून मागणाऱ्याने उपायाचा उपयोग पुराव्यानिशी दाखवावा, एवढी अट वाटसरूंना मान्य आहे का?

वाटसरू

मान्य आहे, मात्र पुरावा बंद दाराआड, न्यायाधीशांपुढे तपासला जावा. जो उपाय कसा चालतो हे जगजाहीर होते, तो चुकवण्याचा मार्गही त्याच दिवशी शोधला जाऊ लागतो.

निशिगंध

मग त्या बंद दाराआड उपायाच्या विरुद्ध बाजू मांडणारा वकील असलाच पाहिजे. एकाच पक्षाचे ऐकून दिलेला निकाल मी पुरावा मानणार नाही.