मदत हवी आहे: बीएस-६ ट्रकमध्ये एससीआर नॉक्स उतरवत नाही

एससीआर म्हणजे एक्झॉस्टमध्ये युरियाचं द्रावण फवारून, त्यातून होणाऱ्या अमोनियाने कॅटॅलिस्टवर नॉक्स (नायट्रोजनचे ऑक्साइड) कमी करणारी यंत्रणा. या गाडीत कॉपर-झिओलाइट कॅटॅलिस्ट आहे. कमी कार्यक्षमतेचा फॉल्ट कोड पुसला तरी परत येतो. डीईएफ (हेच युरियाचं द्रावण) रिफ्रॅक्टोमीटरवर ३२.५ टक्के, म्हणजे युरियाचं प्रमाण ठीक. इंजेक्टरच्या तोंडाशी जमलेले पांढरे खडे कोमट डिस्टिल्ड पाण्याने काढले, फवारा मोजला, तोही बरोबर. गाडी शहरातच फिरते, एक्झॉस्ट २०० अंशांवर क्वचित जातो, त्यामुळे खडे पुन्हा होणारच. पण ३०० अंशांवरही नॉक्स उतरत नाही, ही खरी चिंता. कॅटॅलिस्टवर गंधक बसलं असेल तर ५०० अंशांपुढच्या रीजनरेशनने (एक्झॉस्ट मुद्दाम तापवून केलेल्या सफाईने) सुटेल, इंजिन ऑइलमधला फॉस्फरस असेल तर नाही. कॅटॅलिस्ट न उघडता हे कसं ओळखायचं? शिवाय कॅटॅलिस्टच्या मागचा नॉक्स सेन्सर निसटलेल्या अमोनियालाही नॉक्सच समजतो. डोसिंग (युरियाचा फवारा) बंद करून पुढचा-मागचा दोन्ही सेन्सर जुळवायचे असतील, तर कॅटॅलिस्टमध्ये साठलेला अमोनिया संपेपर्यंत किती वेळ थांबता?