बेंदराची मातीची बैलजोडी: पाय तडकतात, हळद लाल होते

वाळवेकर_७
लहानपणी बेंदराला पाटावर पुजायचे तसली बैलजोडी करायचीय, वीतभर लांब, कपाटात कायम ठेवायला. मळ्यातली काळी माती घेतली. आत तार घालूनही तिसऱ्या दिवशी पाय पोटापाशी तडकले. चुना देऊन वर हळदीचे पट्टे ओढले, ते लाल झाले. आणि बैल दुकानातला वाटतोय, घरचा नाही. काय चुकतंय?

गारा_मळणारा
तार घातली म्हणूनच तडकले. वाळताना माती आकसते, तार आकसत नाही. त्यात काळी माती सगळ्यात जास्त आकसणारी, उन्हाळ्यात रानाला भेगा पडतात त्या बघा की. एक किलो वाळक्या चाळलेल्या मातीला 300 ग्रॅम बारीक वाळू आणि मूठभर कापूस घाला. कापूस पिंजून थोडा थोडा टाका, नाहीतर गुठळ्या राहतात. मळून ओल्या गोणपाटात दोन दिवस मुरू द्या.

पाय वेगळे चिकटवूच नका. जाड वळी करून कमानीसारखी वाकवा, दोन्ही टोकं सुरीने मधोमध चिरा, झाले चार पाय. वशिंड आणि शिंगं बसवताना दोन्हीकडे काट्याने ओरखडे काढून पातळ चिखल लावा. शिंगं, पाय आधी वाळतात आणि सांध्यात फुटतात, म्हणून पहिले दोन दिवस तेवढ्यावर ओला फडका ठेवा. पुढं सावलीत दहा दिवस. आषाढाच्या दमट हवेत पंधराही लागतात.

मिरज_रंगपेटी
चुन्यावर हळद लाल होणारच, कुंकू तसंच करतात. शिवाय हळदीचा रंग उजेडात उडतो, मग ती सांगलीची राजापुरी का असेना. पिवळ्याला रामरज म्हणजे पिवळी माती, लालला गेरू, पांढऱ्याला खडूची पूड. चमचाभर डिंक सहा चमचे पाण्यात रात्रभर भिजवून गाळा आणि त्यात रंग कालवा. डिंक जास्त झाला तर पापुद्रे सुटतात. कच्च्या मातीवर कुंचला जवळजवळ कोरडाच हवा.

खिलारप्रेमी
घरचा वाटत नाही, कारण फोटो समोर ठेवून केला असणार. आधी आठवणीतून पाच-सहा बैल कागदावर काढा. पोराला बैल खालून दिसतो, म्हणून त्यात वशिंड आणि शिंगं हमखास मोठी येतात. ती तशीच ठेवा. खिलारची शिंगं मागे जाऊन वर वळतात, एवढी खूण पुरे. ओला स्पंज फिरवू नका, बोटांचे ठसे राहू द्या. डोळे काडीने टोचा. ज्वारीचा दाणा दाबलात तर फडक्याखाली मोड येतो!

वाळवेकर_७
कुंभाराच्या भट्टीत भाजून घेतले तर चालेल?

गारा_मळणारा
चालेल, पण तार नको आणि रंग भाजल्यावर. पोट खालून पोखरून भिंत बोटभर जाडीची ठेवा. आत ओल राहिली तर वाफेने फुटतो. कापूस जळून जातो, त्याची काळजी नाही. चुनखडीचे खडे मात्र बारीक चाळणीने काढाच. भट्टीत त्यांचा कळीचा चुना होतो, तेव्हा काही दिसत नाही. नंतर हवेतली ओल पिऊन फुगतात आणि आठवड्याभराने बैलाच्या अंगाचे टवके उडतात.