मिझुरीत ३५ एकर फेस्क्यू: बॉबव्हाइट लाव्यांसाठी सरकारी पैसे ईक्विपमधून घ्यावेत की सीआरपीमधून?

माळकरी:
सेडालियाच्या दक्षिणेला, पेटिस काउंटीत ३५ एकर जमीन यंदा घेतली आहे. सगळं जुनं टॉल फेस्क्यूचं (बाहेरून आणलेलं, दाट वाढणारं चाऱ्याचं गवत) कुरण, कडेने झुडपांची एक ओळ. शेजारचा शेतकरी तोंडी खंडाने गवत कापून गठ्ठे नेतो. फेस्क्यू काढून प्रेअरीची स्थानिक गवतं आणि फुलझाडं आणायची आहेत, मुख्य उद्देश लावे. ईक्विप (संवर्धनाच्या कामाच्या खर्चात वाटा उचलणारी केंद्र सरकारची योजना) बरं की सीआरपी (जमीन पिकातून काढून आच्छादनाखाली ठेवण्यासाठी वार्षिक भाडं देणारी योजना)? पैसे कामाआधी मिळतात की नंतर? जमीन एलएलसीच्या नावावर आहे आणि तिघांपैकी एक भागीदार एच-१बी वर आहे, त्याने काही अडतं का?

बांधावरून:
सीआरपी जवळजवळ बाद धरा. नेहमीच्या सीआरपीला पीक घेतलेली जमीन लागते, २०१२ ते २०१७ या सहा वर्षांत किमान चार वर्षं. तुमचं कुरण त्यात बसत नाही. शिवाय अर्जाआधी साधारण १२ महिने मालकी लागते. ग्रासलँड सीआरपीत कुरण चालतं, पण ती योजना असलेलं गवत टिकवण्यासाठी आहे. तुम्हाला तर ते मारायचं आहे.

ईक्विपच घ्या. वन्यजीवांसाठीची जुनी व्हिप योजना २०१४ च्या फार्म बिलात (काही वर्षांनी येणारा केंद्राचा शेती कायदा) ईक्विपमध्ये विलीन झाली, आणि २०१८ च्या बिलाने ईक्विपचे किमान १० टक्के पैसे वन्यजीवांच्या कामांसाठी राखून ठेवले. अर्ज वर्षभर घेतात, पण रँकिंगची (अर्जांना गुण देऊन क्रम लावण्याची) तारीख राज्य ठरवतं. ती हुकली की पुढच्या फेरीची वाट बघा.

क्रम असा. आधी एफएसएच्या (केंद्रीय कृषी खात्याची शेती-नोंदणी शाखा) ऑफिसात जाऊन फार्म नंबर आणि ट्रॅक्ट नंबर काढा (आपल्या सातबाऱ्यासारखं समजा, फक्त मालकीचा पुरावा म्हणून डीड (खरेदीखत) वेगळं दाखवावं लागतं). मग त्याच इमारतीत बहुधा एनआरसीएस (ईक्विप चालवणारी संवर्धन शाखा) असतं, तिथे सीपीए-१२०० हा अर्ज. सोबत एडी-१०२६ (पाणथळ आणि धूप होणाऱ्या जमिनीचे नियम पाळतो, असं प्रमाणपत्र) आणि उत्पन्नासाठी सीसीसी-९४१. तीन वर्षांचं सरासरी उत्पन्न ९ लाख डॉलरच्या वर गेलं की पात्रता सहसा जाते. नंतर कर्मचारी जमीन बघून आराखडा करतो. त्यात कामं कोड नंबरने येतात: ३१५ तणनियंत्रण, ३२७ कायमचं आच्छादन, ४२० वन्यजीवांसाठी लागवड, ३९४ जाळरेषा, ३३८ नियंत्रित आग.

पैसे काम पूर्ण होऊन तपासणी झाल्यावर, ठरलेल्या दराने. बिलाइतके नाहीत. आणि हे पक्कं लक्षात ठेवा: करारावर सही होण्याआधी फवारणी किंवा पेरणी सुरू केली, तर त्या कामाचे पैसे मिळत नाहीत. सप्टेंबरात हवा छान आहे म्हणून लोक घाई करतात आणि तिथेच फसतात. घाई असेलच तर आधी लेखी सूट मागा.

तृणपाते:
कागद जमतील. बिघडतं ते शेतात, कारण फेस्क्यू एका फवारणीत मरत नाही.

ऑगस्टच्या शेवटी गवत कापून न्या. ६ ते १० इंच हिरवी फूट येऊ द्या. एक-दोनदा हिम (फ्रॉस्ट) पडलं की फवारा. तेव्हा स्थानिक उन्हाळी गवतं सुप्त असतात आणि फेस्क्यू अजून हिरवा असतो, त्यामुळे ग्लायफोसेट (तणनाशक) नेमकं त्यालाच लागतं. वसंतात जे उरलं असेल त्यावर दुसरी फेरी. वाळकं गवत जाळून किंवा कापून काढल्याशिवाय ड्रिल (बी पेरायचं यंत्र) लावू नका. नाहीतर यंत्र त्या गादीवरून नुसतं सरकत जातं आणि बी मातीला टेकतच नाही.

बी पाव इंचाहून खोल नको. ड्रिल गेल्यावर मागे वाकून पाहा: थोडं बी वर उघडं दिसलं पाहिजे. अजिबात दिसत नसेल तर खोल जातंय. ब्लूस्टेम या प्रेअरी गवताचं बी पिसासारखं असतं, साध्या ड्रिलच्या नळीत अडकतं. त्यासाठी वेगळी पेटी असलेलं ड्रिल भाड्याने घ्या.

पिशवीवरच्या वजनाला भुलू नका. करारातलं वजन शुद्ध, उगवणाऱ्या बियाण्याचं असतं. शुद्धता ८० टक्के आणि उगवण ७५ टक्के असेल, तर १० पौंडांच्या पिशवीत कामाचं बी ६ पौंडच. पिशवीचे टॅग आणि पावत्या जपून ठेवा, तपासणीला तेच मागतात.

बिग ब्लूस्टेम भरमसाट टाकू नका. दाट, उंच गवतात लाव्याची पिल्लं चालू शकत नाहीत. लिटल ब्लूस्टेम, साइड-ओट्स ग्रामा कमी प्रमाणात आणि फुलझाडं सढळ हाताने. तळाशी मोकळी माती दिसली पाहिजे. पहिल्या वर्षी नत्र अजिबात नाही, ते फक्त तण पोसतं. तण दीड फुटावर गेलं की ६ ते ८ इंचांवर छाटा. पहिलं वर्ष रान भिकार दिसतं. घाबरून पुन्हा नांगरू नका, झाडं तेव्हा मुळं धरत असतात. सेरिसिया लेस्पेडेझा (झपाट्याने पसरणारं परकं तण) दिसलं तर मात्र लगेच ट्रायक्लोपिर हे तणनाशक.

झुडपांची ओळ तोडू नका. किमान ३० बाय ५० फुटांचं जंगली प्लम किंवा डॉगवुडचं बेट लाव्यांच्या थव्याला हिवाळ्यात लागतंच. त्याखालचा फेस्क्यूही मारा.

कागदपत्रे:
एलएलसी असेल तर सीसीसी-९०१ मध्ये सगळे भागीदार आणि त्यांचे हिस्से, आणि सीसीसी-९४१ प्रत्येकाचा वेगळा. एकाने दिला नाही तर त्याच्या हिश्शाएवढी रक्कम कापली जाते.

नवशिक्या शेतकऱ्याला जास्त दर आणि किमान निम्मी रक्कम आगाऊ मिळू शकते (ती ९० दिवसांत खर्च करायची). पण सगळ्या भागीदारांची शेती १० वर्षांच्या आतली हवी आणि सगळ्यांचा कामात प्रत्यक्ष सहभाग हवा. शिकागोत बसून नुसतं नाव लावलेला भागीदार इथे नडतो.

एच-१बी ची गोष्ट मात्र आजच बघा. १९७८ च्या आफिडा कायद्याप्रमाणे (परदेशी लोकांनी घेतलेल्या शेतजमिनीची माहिती सरकारला कळवण्याचा कायदा) ग्रीन कार्ड नसलेला माणूस परदेशी धरला जातो, आणि त्याचा हिस्सा १० टक्के किंवा जास्त असेल तर एलएलसीलाही ते लागू होतं. शेतजमीन घेतल्यापासून ९० दिवसांत एफएसए-१५३ भरावा लागतो. दंड जमिनीच्या बाजारभावाच्या २५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. उशीर झाला असेल तरी स्वतःहून भरा.

माळकरी:
फॉर्म या आठवड्यात भरतो. शेजाऱ्याचं गवत कसं थांबवायचं?

बांधावरून:
कराराची पूर्ण मुदत जमीन तुमच्या ताब्यात आहे हे दाखवावं लागतं, म्हणून तोंडी खंड आधी मोडा. वर्षागणिक खंड असेल तर मिझुरीत वर्ष संपण्याच्या किमान ६० दिवस आधी लेखी नोटीस लागते. ऑगस्टची शेवटची कापणी त्यालाच करू द्या, तुमचंही काम होईल. पण मे-जूनची कापणी बंद: १ मे ते १५ जुलै हा तिथल्या पक्ष्यांचा घरटी करायचा मुख्य काळ आहे.